आजोबांचे मत आणि नातीची साठ वर्षे

पत्र

माझे वय अठरा आहे. जन्म ऑगस्ट २००७ चा. सहकारनगरमध्ये, पानशेतच्या पुरानंतर वसलेल्या एका सोसायटीत आजोबा, आई, बाबा आणि मी असे चौघे राहतो. १५ जानेवारी २०२६ रोजी पुणे महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा मला अठरा पूर्ण होऊन पाच महिने झाले होते. तरीही मला मत देता आले नाही, कारण त्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची मतदार यादी धरली होती. मी सहा आठवड्यांनी हुकले. त्या रात्री जेवताना नदीकाठच्या कामावरून विषय निघाला आणि मी आजोबांना म्हणाले, "तुम्ही अजून किती वर्षे असणार आहात? ही नदी पुढची साठ वर्षे मला पाहायची आहे आणि मत मात्र तुमचे. सत्तरीनंतर मताचा अधिकारच काढून घ्यायला हवा." आजोबा १९४८ चे आहेत. ते काही बोलले नाहीत, भरल्या ताटावरून उठले. आम्ही दोघे रोज सकाळी पेपरातले शब्दकोडे मिळून सोडवायचो. आता ते पेपर घेऊन एकटेच गॅलरीत बसतात. माझे चुकले का? मुद्दा बरोबर होता, असे मला अजूनही वाटते. आता पाच वर्षे पालिकेची निवडणूक नाही, म्हणून यादीत नाव घालण्याची मी घाईही केलेली नाही.

– अस्वस्थ, सहकारनगर

उत्तर

प्रिय मुली,

तुझे पत्र दोन दिवस माझ्या मनात घोळत होते. तू एका दमात तीन वाक्ये बोललीस आणि त्या तिन्हींना एकच उत्तर देता येत नाही. त्यांतले पहिले, "तुम्ही अजून किती वर्षे असणार आहात", हे चूक होते. अठ्ठ्याहत्तरीला टेकलेल्या माणसाला हा हिशेब माहीत असतो. पहाटे जाग आल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या त्याने तो कितीदा तरी मांडलेला असतो. पण तोच हिशेब लाडक्या नातीच्या तोंडून, घरच्या सगळ्यांसमोर, जेवता जेवता ऐकावा लागणे फार निराळे. त्या वाक्याची माफी तुला मागावी लागेल, आणि तिच्यात "पण" हा शब्द येता कामा नये. "आजोबा, माझे चुकले, पण माझा मुद्दा" अशी सुरुवात केलीस, तर त्यांना फक्त मुद्दाच ऐकू येईल.

"ही नदी पुढची साठ वर्षे मला पाहायची आहे" हे वाक्य मात्र चूक नव्हते, आणि ते मागे घे असे मी तुला सांगणार नाही. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरच्या काठाचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. ते योग्य की अयोग्य यावर शहरात टोकाची मते आहेत आणि आज मला त्या वादात शिरायचे नाही. पण बांधलेला काठ किंवा फोडलेली टेकडी पाच वर्षांनी दुसरे नगरसेवक निवडून दिले म्हणून पूर्ववत होत नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य करावे लागेल. पैशाचेही तसेच आहे. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी दहा वर्षांच्या मुदतीचे २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि ती मुदत संपेल तेव्हा एकोणीस वर्षांची असशील. हे उदाहरण मी तक्रार म्हणून देत नाही. जलवाहिन्या आणि टाक्या कित्येक दशके टिकणार असतील, तर त्यांचा काही भार पुढच्या पिढीने उचलणे न्याय्यच आहे. अन्याय होतो तो आजच्या आज खाऊन संपणाऱ्या गोष्टींसाठी उद्याच्या नावावर उधारी केली जाते तेव्हा. महाराष्ट्रावरचे कर्ज आता ९ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले आहे. त्यातले किती पहिल्या प्रकारचे आणि किती दुसऱ्या प्रकारचे, हे विचारण्याचा हक्क तुझ्या वयाच्या प्रत्येकाला आहे आणि तो प्रश्न कोणी उद्धटपणाचा म्हणू नये. गोव्याच्या खाणींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये हेच तत्त्व मानले. जमिनीतले खनिज एका पिढीने संपवायचे नसते, म्हणून त्याच्या विक्रीतला काही हिस्सा कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश न्यायालयाने दिला. तेव्हा तू जेवणाच्या टेबलावर जे बोललीस, त्यामागचा विचार पोरकट नाही.

राहिले तुझे तिसरे वाक्य, सत्तरीनंतर मत काढून घेण्याचे. ते मी तुझ्याइतक्याच गांभीर्याने तपासून पाहते, कारण हल्ली ते सुशिक्षित तोंडांतूनही ऐकू येते. ज्याची पुढची वर्षे जास्त त्याच्या मताला वजन जास्त, हा नियम एकदा मान्य केला की तो सत्तरीपाशी थांबत नाही. मग कर्करोगाशी झुंजणाऱ्या तिशीतल्या बाईचे मत हलके होईल. सधन माणसे गरिबांपेक्षा अधिक वर्षे जगतात, त्यामुळे बंगल्यात राहणाऱ्याचे मत वजनदार ठरेल आणि रस्ते झाडणाऱ्या सफाई कामगाराचे आणखी स्वस्त. तुला न्याय हवा आहे आणि तू सुचवलेला नियम सगळ्यात आधी त्याच्याच घरावर नांगर फिरवील. शिवाय ही चिंता ज्या देशांतून आपल्याकडे आली, तिथली परिस्थिती वेगळी आहे. जपानमध्ये म्हातारी माणसे इतकी झाली आहेत की राजकारण त्यांच्याच सोयीने चालते, या तक्रारीला तिथे आधार आहे. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसे शंभरांत नऊसुद्धा नव्हती. तो आकडा आता वाढला आहे, तरी हा देश अजून तरुणांचाच आहे. इथे म्हाताऱ्यांच्या मतांखाली तरुणांची मते दबून जातात, असे गणित बसत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, त्या गर्दीत महाविद्यालयीन मुले होती तशी काठी टेकत चालणारी माणसेही होती. टेकडीवर वर्षानुवर्षे पहाटे जाणारे, रोपांना बाटलीने पाणी घालणारे, आराखड्याचे नकाशे पसरून पालिकेला पत्रे लिहिणारे बरेचसे निवृत्त लोकच आहेत. ज्या झाडाखाली आपण बसणार नाही ते लावणारी ही माणसे आहेत. उलट बाजूचेही एक उदाहरण सांगते. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, आणि ते परत मिळावे म्हणून मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यात नंतरच्या भरतीतले, म्हणजे वयाने लहान कर्मचारी मोठ्या संख्येने होते. त्यांची मागणी त्यांच्या दृष्टीने रास्त असेल, पण तिचे बिल त्यांच्याहूनही लहान असलेल्यांच्या नावे निघणार आहे. त्यामुळे म्हातारे स्वार्थी आणि तरुण दूरदृष्टीचे, अशी रेघ मारायला गेलीस तर ती वाकडीतिकडीच जाईल.

आता तुझ्या आजोबांकडे येते. तू त्यांचे जन्मवर्ष लिहिलेस ते बरे केलेस. पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. धरणाचे काम पुरे झालेले नव्हते आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठले. ते फुटले, खाली खडकवासल्याचे धरणही गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तुझे आजोबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. धरण किती घाईने बांधायचे हे त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि तुमची सोसायटी पुरानंतरची आहे म्हणजे त्या निर्णयाची किंमत तुमच्या घराने मोजली असावी, असा माझा अंदाज आहे. पुढे फेब्रुवारी १९६७ मध्ये लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका एकत्र झाल्या. आजोबांना अठरा पूर्ण झाली होती, म्हणजे ते आजच्या तुझ्याच वयाचे होते, आणि त्यांना मत नव्हते, कारण मताचे वय एकवीस होते. त्यांना लोकसभेसाठी पहिल्यांदा मत देता आले ते मार्च १९७१ मध्ये. तुझे सहा आठवडे हुकले, त्यांची तीन वर्षे गेली. लोकसभेची पुढची निवडणूक नियत वेळी, म्हणजे २०२९ मध्ये झाली, तर तू तेव्हा एकवीस वर्षांची असशील. या घरात अठराव्या वर्षी मताविना राहिल्याची चुटपुट नेमकी कशी असते, हे ठाऊक असलेला माणूस एकच आहे आणि तू नेमक्या त्याच्यावरच राग काढलास.

एकवीसचे अठरा कसे झाले, तेही तुझ्या प्रश्नाशी जोडलेले आहे. ६१ वी घटनादुरुस्ती संसदेने १९८८ च्या डिसेंबरात मंजूर केली आणि ती मार्च १९८९ मध्ये लागू झाली. ती मंजूर करणारी लोकसभा १९८४ मध्ये निवडून आलेली होती, आणि तिला निवडून देणाऱ्या मतदारांत एकविसाच्या आतला एकही नव्हता. म्हणजे मोठ्यांनी, स्वतःच्या हातातले काहीही कमी न करता, धाकट्यांना सोबत घेतले. मी त्याच पहिल्या फळीतली. नोव्हेंबर १९८९ मध्ये मी एकोणीस वर्षांची होते. शाळेच्या वर्गात मतदान केंद्र होते, बाक भिंतीला लावलेले होते आणि फळ्यावर आदल्या दिवशीचा सुविचार तसाच होता. वाटेत वडील म्हणाले होते, "आपल्या घरची चार मते एकाच जागी पडली पाहिजेत." मी मान हलवली आणि आत गेल्यावर शिक्का माझ्या मनाने मारला. घडी घालताना शाई दुसऱ्या चिन्हावर उमटेल या भीतीने मी ती मतपत्रिका किती वेळ फुंकत बसले होते, ते अजून आठवते. बाहेर आल्यावर वडिलांनी विचारले नाही, नंतरही कधी विचारले नाही. न विचारण्यात त्यांनी मला काय दिले, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला खरी काळजी वाटली, त्याकडे वळते. ते आजोबांना बोललेले वाक्य नव्हते. ते शेवटचे होते, यादीत नाव घालण्याची घाई केली नाही हे.

तरुणांचे मत या शहरात कोण हिरावून घेते, ते नीट पाहा. पुणे महापालिकेची याआधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हावी, असे राज्यघटना स्पष्ट सांगते. तरीही आरक्षणाचे खटले आणि प्रभागरचनेचे घोळ यांत पावणेचार वर्षांहून अधिक काळ गेला आणि तोवर कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मार्च २०१७ मध्ये अठरा वर्षे पूर्ण केलेला मुलगा महापालिकेसाठी पहिले मत देईपर्यंत सत्ताविसाव्या वर्षाला टेकला होता. तुझ्या आजोबांच्या काळातला एकवीस वर्षांचा नियमही त्याच्याशी अधिक सौम्य वागला असता. जून २०२१ मध्ये शहरात घेतलेल्या २३ गावांना तर जानेवारी २०२६ पर्यंत स्वतःचा नगरसेवकच मिळाला नव्हता. लोकसभेचेही असेच झाले. मार्च २०२३ मध्ये पुण्याच्या खासदारांचे निधन झाले, पोटनिवडणूक झाली नाही, मुंबई उच्च न्यायालयाने ती घ्या असे डिसेंबरात सांगितले, त्यावर सर्वोच्च न्यायालयात स्थगिती आली, आणि वर्षाहून अधिक काळ या शहराला लोकसभेत प्रतिनिधी नव्हता. निवडणूक लांबते तेव्हा सगळ्यांचेच मत लांबते, हे खरे. पण ज्याने आजवर पंधरा-वीस निवडणुकांत मत दिले आहे, त्याची त्यातली एक उशिरा येते. वीस वर्षांच्या मुलाची मात्र सगळी उमेदीची वर्षे कोऱ्या पाटीने जातात. पिढ्यांमधल्या अन्यायाचे याहून ठसठशीत उदाहरण मला पुण्यात दिसत नाही, आणि त्यात कोणाच्याही आजोबांचा हात नाही. तुझा राग इथे लाव. तो इथे शोभेल.

दुसरे कारण याहून दुखरे आहे, कारण ते तरुणांच्या स्वतःच्या हातात आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशाच्या मतदार यादीत अठरा-एकोणीस वयाचे १ कोटी ८० लाखांहून अधिक मतदार होते. आकडा मोठा वाटतो, पण त्या वयाच्या एकूण मुलामुलींच्या तो निम्माही भरत नव्हता. मत देणे, न देणे ही पुढची गोष्ट, अर्ध्याहून अधिक जण यादीतच नव्हते. आणि उमेदवार यादी पाहूनच चालतो. घराघरांत चिठ्ठ्या वाटणारे कार्यकर्ते हातातल्या यादीवर बोट ठेवत जिना चढतात आणि ज्या दारामागे चार नावे आहेत तिथे चौघांची चौकशी करतात. तुझ्या घरी ते आले असतील, तेव्हा त्यांच्या कागदावर तीन नावे होती. त्या कागदाच्या लेखी तू त्या घरात राहतच नाहीस.

म्हणून "निवडणूक नाही, मग घाई कशाला" हे गणित उलटे आहे. यादी निवडणुकीच्या आधी गोठते, हे तू स्वतः अनुभवलेस. पूर्वी १ जानेवारी ही वर्षातली एकच तारीख धरत, त्यामुळे २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला वर्षभर थांबावे लागे. कायदा २०२१ मध्ये बदलला आणि आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो. तू १ ऑक्टोबर २०२५ च्या तारखेलाच पात्र झाली आहेस. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते. विधानसभेची जी यादी असते, तीच राज्य निवडणूक आयोग प्रभागांप्रमाणे फोडून वापरतो, त्यामुळे एकदा नाव आले की ते सगळ्या निवडणुकांसाठी आले. आणि निवडणूक कधी येईल याचा भरवसा नसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये कसब्यात विधानसभेची पोटनिवडणूक झाली, ती वर्षभर आधी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. अर्ज भरायचा तो नमुना क्रमांक ६, निवडणूक आयोगाच्या मोबाइल ॲपमधून किंवा तुमच्या मतदान केंद्राच्या बीएलओकडे, म्हणजे यादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे. वयाच्या पुराव्याला जन्मदाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र चालते. अर्ज केल्यावर विसरून जाऊ नकोस, नाव आले का हे यादीत डोळ्यांनी पाहा. आडनावातली वेलांटी चुकली, तरी ती आत्ताच दुरुस्त करून घे, मतदानाच्या सकाळी नाही.

तुझ्या वर्गात बीडच्या, लातूरच्या, धाराशिवच्या मुली असतील. सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, अभ्यासिकेत दिवस काढणारी, मेसचा डबा खाणारी हजारो मुले या शहरात चार-चार, सहा-सहा वर्षे काढतात. इथले पाणी पितात, इथल्या बसने फिरतात, इथल्या खोल्यांची भाडी भरतात, आणि त्यांची मते गावाकडच्या यादीत असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन परीक्षा एकाच दिवशी आल्या, तेव्हा ही मुले शास्त्री रस्त्यावर बसली आणि एमपीएससीला परीक्षा पुढे ढकलावी लागली. म्हणजे त्यांना आवाज नाही असे कोण म्हणेल? पण खोलीच्या भाड्यासाठी, रात्रीच्या बससाठी, अभ्यासिकेच्या अग्निसुरक्षेसाठी या मुलांचे मत मागायला नगरसेवकपदाचा उमेदवार फारसा जात नाही, कारण त्याच्या यादीत ती नाहीत. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला शिकण्याच्या ठिकाणी मतदार होता येते. आधी गावी नाव असेल तर नमुना क्रमांक ८ भरून ते इकडे हलवता येते. मात्र दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, आणि खोटे निवेदन करणे हा गुन्हा आहे. गावचे मत सोडायचे की पुण्याचे, हे ज्याने त्याने ठरवावे. गावाकडे आईबापाची शेती आहे, तिथल्या रस्त्याशी आणि पाण्याशी आपले नाते आहे, असे म्हणून कोणी तिकडचे मत राखले, तर मी त्याला नावे ठेवणार नाही, फक्त मतदानाला एसटीने जाऊन येण्याची त्याची तयारी हवी. पंचाऐंशी वर्षांपुढच्या मतदाराला लोकसभा-विधानसभेसाठी घरून मत देण्याची सोय झाली, ती उत्तमच झाली. परगावी शिकणाऱ्या मुलांसाठी तसे काहीच नाही, आणि ही मागणी तुझ्या वयाच्या मुलांनी आता लावून धरायला हरकत नाही.

मत मिळेपर्यंत तू हात बांधून बसावेस असेही नाही. शहराचा विकास आराखडा साधारण वीस वर्षांसाठी असतो. पुण्याचे १९६६ चा, १९८७ चा आणि २०१७ चा असे आराखडे आजोबांनी पाहिले असतील. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात आणि त्या देण्यासाठी मतदार यादीत नाव असण्याची अट नसते. कोणीही देऊ शकते. तुझ्या साठ वर्षांचा प्रश्न मतपेटीपेक्षा त्या कागदावर जास्त ठरतो, आणि तिथे अठरा-वीस वर्षांची मुले क्वचितच दिसतात. महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचनांसाठी अंदाजपत्रकात तरतूद ठेवण्याची पद्धतही आहे. पदपथ, बाक, दिवे अशी कामे तिच्यातून होतात. कामे लहान असतात, पण क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिल्यावर त्याचे पुढे काय होते, हे त्यातून कळते. आणि २०३१ च्या निवडणुकीत तू तेवीस वर्षांची असशील. नगरसेवकपदासाठी उभे राहायला एकवीस पुरतात. हे मी सहज म्हणून लिहीत नाही, याचा विचार कर.

आजोबांशी बोलायचे कसे, हे तू विचारलेले नाहीस, पण ते मनात असल्यावाचून तू शब्दकोड्याचा उल्लेख केला नसतास. सकाळी ते गॅलरीत पेपर घेऊन बसले की जवळ जाऊन बस. माफी माग, थोडक्यात. लगेच नदी काढू नकोस. त्यांना १९६७ बद्दल विचार: तेव्हा अठरा वर्षांचे असताना काय वाटले होते, घरात कोण कोणाला मत द्यायचे, पहिल्यांदा मत दिले ते कोणत्या शाळेत. पानशेतबद्दलही विचार, पण ऐकण्यासाठी विचार, त्यातून स्वतःच्या बाजूचा पुरावा काढण्यासाठी नको. नदीवर तुमचे मत जुळेल असे मी म्हणत नाही. कदाचित त्यांना तो बांधलेला काठ हवा असेल, कारण पाणी घरात शिरते म्हणजे काय होते हे त्यांनी पाहिले आहे, आणि तुला तो नको असेल. दोघांनाही नदीबद्दल बोलण्याचा पुरा अधिकार आहे. जानेवारीत त्यांनी आपल्या प्रभागात दिलेल्या मतांपैकी एखादे मत देताना तुझा विचार त्यांच्या मनात आला होता का, हेही एखाद्या दिवशी विचारून पाहा. पुणेकर मतदाराला तेव्हा एका प्रभागात चार किंवा पाच मते द्यायची होती. मला वाटते, तुला उत्तर मिळेल.

आणि त्याच बैठकीत मोबाइलवर तो नमुना क्रमांक ६ उघड. त्यात एक रकाना असा आहे, की ज्यांच्यासोबत आपण राहतो आणि ज्यांचे नाव आधीपासून यादीत आहे, अशा कुटुंबातल्या व्यक्तीचे नाव, तिच्याशी असलेले नाते आणि तिच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक लिहायचा. बाबांचा क्रमांकही चालेल. पण तू आजोबांना त्यांचे ओळखपत्र आणायला सांग, आणि क्रमांक त्यांनाच मोठ्याने वाचू दे.